मावळातून जंजिऱ्याला

नवलाख उंबऱ्याच्या भातखाचरांतून निघून तळेगावास मोठ्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात डाव्या हातास लोहगड आणि विसापूर दिसू लागतात. आणि ज्यांच्या पूर्वजांनी असले कडे रात्रीच्या रात्री चढून हस्तगत केले, त्या आम्हा मावळकरांस समुद्रातल्या एका बेटापुढे हात टेकावे लागले, ही गोष्ट शाळेत शिकूनही मनास पटत नाही. मुरुडास जाण्याचे निमित्त एवढेच.

लोणावळ्याजवळचे वळवण आज टाटांच्या तलावामुळे ओळखले जाते. श्रीवर्धनच्या भटांचे देशमुखी घराणे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात जिवाची शाश्वती न राहिल्यामुळे घाटावर आले, त्यातले बाळाजी विश्वनाथ शाहू महाराजांचे पेशवे झाले, आणि लोहगड बळकावून बसलेल्या कान्होजी आंग्र्यांची भेट घेऊन त्यांना १७१४ साली महाराजांच्या पक्षास त्यांनी आणले ते येथेच. बेटावरच्या सिद्दीने या कुटुंबास सुखाने नांदू दिले असते, तर पुढची पेशवाई कोठून आली असती? इतिहासाचे पंडित असल्या प्रश्नांना नाक मुरडतात. पण बोरघाटात गाडी रेंगाळली की प्रवाशास दुसरा उद्योग तरी काय असतो!

खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा असे करीत राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो आणि शिडाच्या होडीत बसलो. तट थेट पाण्यातून वर आलेला; महाद्वार तर अगदी जवळ जाईपर्यंत नजरेस पडत नाही. "हा कुणालाच घेता आला नाय," असे तांडेलाने अभिमानाने सांगितले. तो कोळी होता, आणि या खडकावर प्रथम लाकडी मेढेकोट उभारणारा राम पाटीलही कोळीच होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन, मद्याची पिंपे उतरवून तो कोट त्याच्या हातून काढून घेतला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे शिवाजी महाराजांशी तह करण्याकडे कललेल्या, जंजिऱ्याच्या प्रमुख फत्तेखानास त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी कैद करून बेट आपल्या ताब्यात घेतले. बाहेरच्या तोफांना जे साधले नाही ते आतल्या मसलतीस दोनदा साधले.

शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरची दंडाराजपुरी घेतली, आणि जंजिऱ्यासमोरच कांसा खडकावर पद्मदुर्ग उभा केला. तेथील लोकांस रसद न पोहोचविल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस त्यांनी लिहिलेले संतप्त पत्र, ब्राह्मण म्हणून भीड धरली जाणार नाही अशी त्यातली ताकीद, वाचली म्हणजे हे युद्ध तलवारीइतकेच कोठाराचे होते हे कळते. लाय पाटील या कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावून दिल्या, पण मोरोपंतांचे लोक उजाडेपर्यंत आले नाहीत, हीही हकीकत या किनाऱ्यावर सांगतात. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत दगड भरून बेटापर्यंत वाट करण्याचा घाट घातला. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे तेही काम टाकावे लागले.

माझ्या मते या बेटाचे रक्षण तटाने जितके केले, त्याहून अधिक दूरच्या दरबारांनी केले. सिद्दी औरंगजेबाचा आरमारी सरदार झाला. त्याला सुरतेच्या महसुलातून तैनात मिळे, आणि पावसाळ्यात त्याची गलबते मुंबईस माझगावच्या आश्रयाला राहत, मग इंग्रजांस ते रुचो वा न रुचो. समोरचा मुलूख हातून गेला तरी बेट उपाशी मरत नसे, कारण त्याचा कणगा सुरतेस होता. शिवाय आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. गादी बापाकडून मुलाकडेच जावी असाही नेम प्रथम नव्हता. सिद्दी सरदारांत जो कर्तबगार तो प्रमुख होई, आणि घराण्यांच्या भाऊबंदकीने पोखरलेल्या आपल्या दौलतींकडे पाहता या व्यवस्थेचे मला थोडे कौतुकच वाटले.

१७३६ साली चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सात या सरदारास ठार केले, तरी बेट राहिलेच. अखेर १९४८ साली मुरूड, श्रीवर्धन व म्हसळे या महालांसह सिद्दी नवाबाचे जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. काठेवाडातले जाफराबादही याच नवाबाचे होते, हे परतताना मी सांगितले, तेव्हा तांडेलास मोठे नवल वाटले. आणि तेथवर जाण्यास कोणता वारा लागतो, याची चौकशी त्याने माझ्यासारख्या डोंगरच्या माणसाकडे आरंभली.