इन्सुलिनची सिरिंज: टोपी लाल की केशरी?



"डॉक्टर, इन्सुलिन घेतोय, तरी शुगर कमी होत नाही," असं म्हणत कोणी आलं, की मी हल्ली रिपोर्ट नंतर बघतो. आधी सांगतो, "पिशवीतली बाटली आणि सिरिंज काढा." ही सवय मला एका चुकीमुळे लागली. चूक माझी होती, म्हणून तुम्हाला सांगतो.

काही वर्षांपूर्वी साठीतल्या एक काकू माझ्याकडे येत असत. गोळ्या चालू असूनही उपाशीपोटी शुगर २८० च्या खाली येत नव्हती. मी सकाळी आणि रात्री जेवणाआधी १६ युनिट इन्सुलिन लिहून दिलं. पंधरा दिवसांनी शुगर जवळपास तेवढीच. मी डोस २२ केला. पुढच्या वेळी ३०. "काकू, गोड खाता का हो?" असंही विचारलं. त्या गप्प बसल्या. सून म्हणाली, "नाही हो डॉक्टर, आई चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात." माझा विश्वास बसला नाही.

नंतर एका रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात आणलं. अंग घामाने भिजलेलं, हाक मारली तर नुसतं "हं". शुगर ३८! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. आणखी तास-दोन तास कोणाला जाग आली नसती, तर काय झालं असतं हे लिहायला नको.

सकाळी मी राऊंडला गेलो, तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्यांच्याजवळ बसली होती. "काकू, घरी इन्सुलिन कसं भरता, मला दाखवा ना." काकूंनी पिशवीतून सिरिंज काढली आणि सहज म्हणाल्या, "ही कालच आणली. आधीची केशरी टोपीची होती, ती संपली. दुकानात आता लाल टोपीची मिळाली." जुनी एक सिरिंज पिशवीच्या तळाशी होती. विद्यार्थिनीने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "सर, यांच्यावरच्या रेघा वेगळ्या आहेत."

आता नीट समजून घ्या. युनिट म्हणजे मिली नव्हे. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांमध्ये १ मिलीत ४० युनिट असतात. पेनमध्ये वापरतात त्या काडतुसांत १ मिलीत १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची ४० च्या बाटलीसाठी, केशरी टोपीची १०० च्या इन्सुलिनसाठी.

काकूंची बाटली ४० ची होती आणि सिरिंज १०० ची. त्या सिरिंजवर ३० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत येतं ०.३ मिली. ४० च्या बाटलीतल्या ०.३ मिलीत इन्सुलिन फक्त १२ युनिट. म्हणजे मी ३० लिहीत होतो, त्यांना मिळत होतं १२. त्या रात्री पहिल्यांदा योग्य सिरिंज हातात आली आणि पूर्ण ३० युनिट, म्हणजे रोजच्या अडीच पट, अंगात गेलं. योग्य सिरिंजनेच घात केला, कारण डोस चुकीच्या सिरिंजवर वाढवलेला होता.

उलटी चूक याहून धोक्याची. पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने काढलं, तर पहिल्याच दिवशी अडीच पट डोस जातो. पेन बिघडलं तरी असं कधीही करू नका.

म्हणून एवढं पाळा:

१. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. टोपीच्या रंगावर विसंबू नका, आकडा वाचा. दिसत नसेल तर घरातल्या कोणाकडून वाचून घ्या.

२. दुकान, ब्रँड किंवा सिरिंज बदलली, तर पहिलं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा.

३. इन्सुलिन दुधासारखं पांढरट असेल, तर बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच फिरवा. जोरात हलवू नका.

४. रोज त्याच जागी टोचू नका. तिथे गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

५. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा साखर घ्या. बरं वाटल्यावर काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

६. उपवास करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन टोचून उपाशी राहणं जिवावर बेतू शकतं. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, बंदही करू नका.

काकूंना योग्य सिरिंजने पुन्हा १६ पासून सुरुवात केली. हळूहळू २० वर शुगर आटोक्यात आली. मी त्यांची माफी मागितली, गोड खाण्याच्या संशयाबद्दलसुद्धा. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाही, मी सांगणार काय?"

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर डोससोबत "४० ची बाटली, ४० ची सिरिंज" असं लिहिलेलं असतं. तुमच्या चिठ्ठीवर तसं नसेल तर पुढच्या वेळी विचारा. आणि आज घरी गेल्यावर बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा वाचा. आकडे वेगळे निघाले, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.