काकवीचा डाग

वडिलांची आगगाडी माळ्यावरच्या ट्रंकेंत कित्येक वर्षें पडून होती. तिची आठवण झाली ती पुण्यांत. कोथरुडास १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहून आम्ही बाहेर पडलों, तों नातवानें विचारलें, “आजोबा, आपल्या घरीं पण एक गाडी आहे ना?” आहे, असें मीं म्हटलें खरें, पण त्याच्याकडे न पाहतां.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्यांतून १९२० पासून किल्लीवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या निघूं लागल्या. त्यांतलेंच एक एंजिन व त्याचा डबा, दौंडास रेल्वेंत नोकरीला असलेल्या चुलत आजोबांनीं वडिलांना लहानपणीं आणून दिला होता. इनामगांवीं घोड नदीच्या कांठीं घरचें गुऱ्हाळ, आणि पोराच्या हातांत विलायती गाडी. तेव्हां डब्यावर काकवीचीं बोटें उमटलीं यांत नवल तें काय?

एंजिनाचा घात मात्र मीं केला. बारा वर्षांचा असेन. दिवाळीपूर्वीं आई तांब्याचीं भांडीं चिंचेनें उजळीत होती. तोच चिंचेचा कोळ आणि चुलींतली राख घेऊन मी एंजिन घासावयास बसलों. चिंचेचा आंबटपणा तांब्यावरचा काळा थर खातो व खालचें तांबें हंसूं लागतें, हें खरें. पण खेळण्याचा पत्रा म्हणजे कथिलाची पातळ कातडी चढवलेलें लोखंड, आणि सारें सौंदर्य त्यावरच्या रंगांत! राखेनें रंग ओरबाडला, अंक पुसून गेले, आणि ओरखड्यांतून आंबट रस लोखंडापर्यंत पोंचला; पुढच्या पावसाळ्यांत एंजिन गंजानें खडबडीत झालें. वडील रागावले नाहींत. “डबा तेवढा राहूं दे,” इतकेंच म्हणाले. रागावले असते तर बरें झालें असतें.

गंमत अशी कीं त्याच सुमारास आमच्या गांवीं या विद्येची शाळाच भरली होती. डेक्कन कॉलेजचें उत्खनन १९६८ ते १९८३ पर्यंत चाललें. सुमारें ३५०० वर्षांपूर्वींच्या वस्तीचीं खापरें ती मंडळी मऊ कुंचल्यानें, झोपलेल्या मुलाच्या अंगावरची माशी हांकावी तशीं, हलकेच झाडीत. आणि आम्ही पोरें कडेला बसून त्यांना हंसत असूं. पुढें १९७४ सालीं दायमाबादेस तांब्याचा बैलजोडीचा रथ सांपडला. तो माझ्या हातीं आला असता तर त्यालाही चिंच लागली असती!

तेव्हां आतां डबा काढला तो भीतभीतच. आधीं कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडली. मग कोमट पाण्यांत साबणाचा थेंब टाकून, त्यांत भिजवून पिळलेला कापूस तळाशीं, जेथें कोणी पाहत नाहीं तेथें, टेकवून पाहिला. रंग कापसावर उतरला नाहीं. साखरेचा डाग पाण्यास वश होतो. घासावें लागत नाहीं, कापूस हलकेच फिरवीत राहावें आणि ओल लगेच टिपून घ्यावी. चाकांच्या आंसावर घट्ट झालेल्या जुन्या तेलास मात्र पाणी चालत नाहीं. तेथें काडीच्या टोकावर रॉकेलचा थेंब, आणि तोही रंगापासून दूर.

दारापाशीं चार बोटें स्पष्ट होतीं. तीं ठेवावीं असें फार वाटलें. पण काकवी हवेंतली ओल ओढून घेते. ठशांच्या कडेला गंजाची तांबूस रेघ धरलीच होती. नातवानें आपलीं बोटें त्यांवर ठेवून पाहिलीं. किंचित् मोठीं भरलीं. मग मीं कापूस भिजवला. तो तपकिरी झाला तेव्हां पोरानें तो हातांत घेऊन हुंगला आणि म्हणाला, “नुसता साबणाचाच वास येतो.”