घाट, गाडी आणि परवाना

वाहन चालविण्याच्या परवान्यावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. तारुण्यात तिच्याकडे कोणी पाहत नाही. वयाची ५५ वर्षे उलटली की कायदा एका वेळी पाचच वर्षांची मुदत देतो, आणि प्रत्येक नूतनीकरणाला नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. माझ्या परवान्याची मुदत यंदाच्या पावसाळ्याअखेर संपत होती. माझे वय ६६. मोखाडा तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी ३१ वर्षे शिकविले आणि निवृत्तीनंतर जव्हारला स्थायिक झालो. आई ८८ वर्षांची आहे. खोडाळ्याच्या बाजूला आमचे मूळ घर आहे. तेथे ती थोरल्या वहिनींजवळ राहते आणि ते घर सोडण्याचा विषय काढलेला तिला खपत नाही. वहिनींचेही आता वय झाले आहे. त्यामुळे मंगळवार आणि शनिवार हे दोन दिवस माझ्याकडे आले. औषधांच्या पुड्या लावून ठेवणे, रक्तदाब मोजणे, नखे काढणे, पायांना तेल लावणे, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे तासभर तिच्या शेजारी बसून गावातल्या बातम्या ऐकणे.

एस.टी. आहे, पण तिच्या वेळा आणि आमच्या पाड्याच्या वेळा यांचे फारसे सख्य नाही, आणि फाट्यापासून पुढची वाट पायीच आहे. तेव्हा मोटारसायकल ही माझी हौस म्हणता येणार नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र जसे आईच्या शुश्रूषेचे साधन, तशीच ही गाडी. परवान्याचे नूतनीकरण करावे की गाडी कायमची उभी करावी, हा प्रश्न त्यामुळे माझ्या एकट्याचा राहिला नव्हता. सौभाग्यवतींचे मत स्पष्ट होते : “अहो, आता पुरे करा. घाटात पडलात तर आईंना कोण बघणार आणि तुम्हाला कोण?” या बोलण्यातील हिशेब अगदी बरोबर होता. पुरे केले तर मंगळवार-शनिवारचे काय, एवढेच त्यात नव्हते.

याच सुमारास नाशिकचा पुतण्या आपली नवी गाडी घेऊन आला. ‘सुपरमोटो’ हा शब्द मी प्रथम त्याच्या तोंडून ऐकला. मातीत, खाचखळग्यांत पळविण्याच्या उंच, सडपातळ गाडीची मोठी चाके काढायची आणि त्या जागी १७ इंचांची लहान चाके व डांबरी रस्त्याचे रुंद टायर बसवायचे, पुढचा ब्रेक अधिक जोरकस करायचा, की झाली सुपरमोटो. या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. १९७९ साली तेथील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी कॅलिफोर्नियात एक शर्यत भरविण्यात आली. डांबर, सपाट माती आणि उड्या घेण्याचे उंचवटे असे तिन्ही प्रकार एकाच मार्गावर ठेवून, सर्वांत अष्टपैलू चालक कोण ते पाहायचे, अशी ती कल्पना होती. पुढे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हा खेळ चांगलाच रुजला. आपल्याकडे अशी तयार गाडी क्वचितच दिसते. हौशी तरुण साहसी प्रकारची गाडी घेतात आणि चाके बदलून घेतात.

पुतण्याने ही सारी माहिती उत्साहाने दिली आणि शेवटी म्हणाला, “काका, तुमची ती जुनी गाडी द्या काढून. आपल्या रस्त्यांना खरी गाडी हीच. अर्धं डांबर, अर्धी माती.”

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. त्र्यंबकेश्वराहून तोरंगण घाट उतरून मोखाड्याकडे आणि तेथून जव्हारला येणारा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ‘अर्धे डांबर, अर्धी माती’ हे वर्णन पटेल. श्रावणात वळणावर दरडीची माती वाहून आलेली असते, झाडांच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरते, धुके असे उतरते की पुढच्या गाडीचा लाल दिवाच तेवढा दिसतो, आणि कोरड्या रस्त्याचा शोध घेत गुरे मधोमध येऊन बसतात. दाभोसा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकची तरुण मंडळी याच दिवसांत गाड्या घेऊन येतात. (त्यांतील काहींच्या गाड्यांचा आवाज ऐकून आमच्याकडची म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात. धबधब्याच्या आवाजासाठी आलेल्यांना एवढा आवाज कशाला लागतो, हे मला कळलेले नाही.)

पुतण्याची गाडी मी अंगणात उभी असताना नीट पाहिली, तिच्यावर बसूनही पाहिले. बसण्याची जागा जमिनीपासून साडेआठशे मिलिमीटरहून उंच. माझ्या नेहमीच्या गाडीची जेमतेम आठशे. कागदावर हा फरक चार बोटांचा. पण माझ्या उंचीच्या माणसाचे पाऊल एका गाडीवर पूर्ण टेकते आणि दुसरीवर फक्त चवडे. तरुण माणसाला चवडा पुरतो. साठीनंतरचा चालक, माझ्या पाहण्यात तरी, वेगात असताना जितका पडतो त्याहून अधिक थांबताना पडतो : उतारावर थांबला, पाय टेकवायला गेला, पायाखाली खडी आली, गुडघ्याने साथ दिली नाही, आणि उभी गाडी अंगावर आली. मांडीचे हाड मोडायला एवढे पुरते. शिवाय इतक्या उंच बैठकीवरून पाय पलीकडे टाकायचा म्हणजे खुब्याचा सांधा मोकळा हवा. ज्यांचा खुबा बदललेला आहे त्यांनी तर आपल्या शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

गुणही मान्य केले पाहिजेत. सरळ बैठक आणि रुंद हँडल यांमुळे कंबर वाकत नाही, मनगटांवर भार येत नाही. लांब हालचालीचे सस्पेन्शन खड्ड्याचा दणका पुष्कळसा गिळून टाकते. मात्र लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, आणि डांबरासाठी घडविलेला टायर लाल चिखलावर आला की त्याची पकड सुटते. ज्या गाडीचा जन्म अर्ध्या मातीसाठी झाला, तिचे टायर बदलल्यावर ती मातीत बुजते, हा विरोधाभास पुतण्याला मान्य आहे. त्याच्या मते गंमत तिथेच आहे. त्याच्या वयाला ती शोभते. मी त्याला दुसरीच गोष्ट सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरविलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. चाके बदलली तर उद्या अपघातानंतर विम्याच्या वेळी हाच मुद्दा समोर येऊ शकतो. तो गप्प झाला, पण पटले असे चेहऱ्यावरून वाटले नाही.

खरा प्रसंग पुढे आला. आईला डोळे तपासण्यासाठी जव्हारला आणायचे होते, आणि पुतण्या म्हणाला, “आजीला मी आणतो. सस्पेन्शन इतकं मऊ आहे की तिला कळणारसुद्धा नाही.” आईला नातवाचे भारी कौतुक. ती म्हणाली, “बैलगाडीत बसून मी या घरी आले, आता याच्या घोड्यावर बसून दवाखान्यात जाईन.”

येथे मी ठामपणे नाही म्हटले. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे अशा पुष्कळ घरांत हा प्रसंग रोज घडतो. गाडी सुपरमोटो असो वा साधी.

ऐंशीच्या पुढच्या स्त्रीच्या पाठीचे मणके बहुधा ठिसूळ झालेले असतात. मागच्या बैठकीवर बसलेल्या माणसाला खड्डा आधी दिसत नाही. चालक नकळत पायांवर भार घेऊन सावरतो, मागचा माणूस मात्र अंगभर दणका घेतो. एखाद्या गतिरोधकावरच्या आदळण्याने मणका दबून त्याची पाचर होऊ शकते. पडले नाही, रक्त आले नाही, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पाठदुखीला ‘वारा धरला’ म्हणून शेक दिला जातो आणि पंधरा दिवसांनी कळते की हाड दबले आहे. गाडीवरून आल्यानंतर वृद्ध माणसाची पाठ अचानक दुखू लागली तर एक्स-रे काढून घ्यावा, हे मी आमच्या आळीत अनेकांना सांगत असतो.

दुसरे कारण वस्त्राचे. आई लुगडे नेसते आणि एका बाजूला पाय घेऊन बसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसविण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरण्यासाठी पक्की मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारे आवरण असलेच पाहिजे. पुतण्याने दिसण्यासाठी हे आवरण काढून टाकले होते. उंच, अरुंद, आवरण नसलेल्या गाडीवर एका बाजूला पाय घेऊन बसलेली ८८ वर्षांची बाई, आणि समोर मोखाड्याची वळणे! सस्पेन्शन कितीही मऊ असले तरी या चित्रात ते कोठे उपयोगी पडणार?

तिसरे कारण डोक्याचे. वय वाढते तसा मेंदू किंचित आक्रसतो आणि कवटीलगतच्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यामुळे किरकोळ आपटण्यानेही मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकते, आणि त्याची लक्षणे कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. पडल्यानंतर काही आठवड्यांत वृद्ध माणूस सुस्त वाटू लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, चाल बदलली, डोके सतत दुखू लागले, तर ‘वयामुळे होते’ असे म्हणून थांबू नये. हेल्मेट मागच्यालाही हवे, पट्टा लावलेले हवे. आईला हेल्मेट घालून पाहिले. तिच्या अंबाड्यावर ते बसत नव्हते, आणि अंबाडा सोडायला ती तयार नव्हती.

शेवटी चारचाकी सांगितली. भाडे पुतण्यानेच दिले.

आता माझ्या परवान्याचे. आमच्या डॉक्टरांनी नमुना १-अ समोर घेतला आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, अर्जातल्या रकाने मी पाच मिनिटांत भरीन. त्याआधी माझे प्रश्न.” मान दोन्ही खांद्यांकडे पूर्ण वळते का? समोरून येणाऱ्या दिव्याभोवती वलय दिसते का? रात्री झोपेची किंवा सर्दीची गोळी घेता का, आणि तिची गुंगी सकाळपर्यंत राहते का? रक्तदाबाची गोळी घेतल्यावर उठताना अंधारी येते का? पायाच्या तळव्याला ब्रेकचा खटका नीट जाणवतो का? हा शेवटचा प्रश्न मधुमेही माणसांसाठी फार मोलाचा, कारण बधिर पावलाला आपण ब्रेकवर आहोत की फळीवर हे समजत नाही. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी गाडीवर बसूच नये.

मग त्यांनी एक हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ६० ने गेली तर जवळजवळ १७. वयाबरोबर निर्णयाला अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच गाडी पाच ते आठ मीटर पुढे गेलेली असते. “तुमचा तो अर्धा सेकंद मला औषधाने परत आणता येणार नाही. वेग मात्र तुमच्या मुठीत आहे.” उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ती शस्त्रक्रिया आधी, प्रमाणपत्र नंतर, असे त्यांनी सांगितले, आणि तसेच झाले. डोळ्यावरची पट्टी निघाल्यानंतरही त्यांनी गाडीला हात लावण्याची परवानगी दिली ती पुढच्या तपासणीनंतरच.

त्या आठवड्यांत पुतण्याने मंगळवार-शनिवार केले. नाशिकहून पहाटे निघायचा, आजीला भेटून जव्हारला यायचा आणि वहीत रक्तदाबाचे आकडे लिहून द्यायचा. एका शनिवारी परतताना त्याच्यामागे मी एस.टी.त बसलो होतो आणि खिडकीतून तो वळणे कशी घेतो ते पाहत होतो. वेग मला वाटला होता तेवढा नव्हता. वळणाच्या कितीतरी आधी तो वेग उतरवी, नजर चाकापुढे न ठेवता वळण जेथे संपते तेथे नेई, आणि मगच आत शिरे. चाळीस वर्षे गाडी चालविणाऱ्यांतही ही सवय सर्वांना नसते. त्या रात्री त्याला तसे सांगितले, तेव्हा तो लाजला.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०१७ मध्ये मुंबईत दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाल्या आणि पुढे त्या पालघर जिल्ह्यासाठीही आल्या. त्या दुचाकीवर रुग्णाला नेत नाहीत. प्राणवायू आणि प्रथमोपचाराचे साहित्य घेऊन उपचार करणारा माणूस रुग्णापर्यंत येतो. पावसाळ्यात जेथे आजही डोली करून माणूस रस्त्यापर्यंत आणावा लागतो, अशा पाड्यांच्या तालुक्यात मला ही कल्पना फार योग्य वाटते. म्हाताऱ्या माणसाला गाडीवर घालून औषधाकडे नेण्यापेक्षा औषधच गाडीवर घालून त्याच्याकडे न्यावे. आमच्या घरीही व्यवस्था आता अशीच लागली आहे.

परवान्याला पाच वर्षे मिळाली. घरात ठरले ते असे : धुके विरल्यावर निघायचे, चारच्या आत घरी यायचे, चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही, आणि पाऊस असेल त्या दिवशी माझी गाडी ओटीवरच. त्या दिवशी पुतण्या जातो. त्याने चाके अजून बदललेली नाहीत, पण मागचे आवरण परत लावले आहे. आजीने सांगितले म्हणून, असे तो म्हणतो. आईला विचारले तर ती म्हणते, “मी कुठं काय सांगितलं? मी फक्त विचारलं, हे चाक असं उघडं का?”