गुलटेकडीची डागी पेटी

आमच्या घरात सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. कुणाची तब्येत बिघडली की भेटायला येणारे पाहुणे पिशवीभर सफरचंदं आणतात. ती फ्रिजवर चकाकत राहतात, आणि ज्याच्यासाठी आणली त्यालाच चावत नाहीत. २०२५ सालच्या पावसाळ्यात अम्मींच्या बाबतीत हेच झालं. उरलेले दात काढावे लागले आणि कवळी मानवेना. जेवण डाळ-भातावर आणि दुधात कुस्करलेल्या पावावर आलं. सफरचंद किसून दिलं तर ते काळं पडतं म्हणून त्या वाटी बाजूला सारायच्या. "मला तान्ह्या बाळासारखं भरवू नका," हे एकच वाक्य. महिनाभरात अंगावरचे कपडे ढगळ दिसू लागले, तेव्हा आम्हाला काळजी वाटू लागली.

त्याच सुमारास एका नातेवाइकांनी 'ॲपल बटर'ची गोष्ट सांगितली. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. सफरचंदाचा गर मसाला घालून मंद आचेवर तासन्‌तास आटवायचा, लोण्यासारखा पसरता येईल इतका मऊ होईपर्यंत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांकडे हा जुना रिवाज. अंगणात तांब्याची मोठी कढई चढायची आणि शेजारीपाजारी आळीपाळीने ढवळायचे. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या हलीमच्या देगेसारखंच की!" कितीतरी दिवसांनी त्यांनी खाण्याच्या गोष्टीत रस घेतला होता. आम्ही तो धागा सोडला नाही.

तांब्याचं नाव निघाल्यावर अम्मींना आपलं जुनं पातेलं आठवलं. माळ्यावरून काढलं तर आतली कल्हई उडालेली. आंबट पदार्थ उघड्या तांब्यात शिजवला की तांबं अन्नात उतरतं, म्हणून कल्हई हवीच. पूर्वी कल्हईवाले दारोदार फिरत. त्यांत आपले बिरादरही पुष्कळ असत. आता हाक ऐकू येत नाही. मग पातेलं घेऊन कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. अजूनही काही घरांतून हातोडीचा ठकठक आवाज येतो. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं गेलं, आणि काळवंडलेला तळ चांदीसारखा झाला. निघताना ताकीद मिळाली, की रिकामं पातेलं आचेवर ठेवू नका, कथील लवकर वितळतं.

दालचिनी-लवंगांसाठी रविवार पेठेत वळलो. बोहरी आळीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण झाकणाच्या काचेच्या बरण्याही तिथेच मिळाल्या. दालचिनी घेताना एक पाहावं. जाड, कडक, एकेरी सालीची मिळते ती स्वस्त आणि उग्र. पातळ पापुद्र्यांची, बोटांनी सहज चुरडणारी सिलोनची दालचिनी महाग, पण गोडसर. आम्ही ती थोडीच घेतली.

रविवारी फजरची नमाज झाल्यावर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचं ठरलं. अम्मीही चपला घालून तयार! "काश्मीरची पेटी घेणार ना? मग मी बघून घेते." रिक्षात त्यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली. तेव्हा सफरचंदं लाकडी पेटीत यायची, आत भाताचा पेंढा आणि श्रीनगरची उर्दू वर्तमानपत्रं. पेटी फुटली की मुलं फळांवर तुटून पडत आणि त्यांचे अब्बा ते चुरगळलेले कागद मांडीवर सरळ करून महिनाभर जुन्या बातम्या वाचत बसत.

मार्केट यार्डात रविवारी पहाटे काय गर्दी असते, हे पुणेकरांना सांगायला नको. हातगाड्या, पाठीवर ओझं घेतलेले हमाल, गाळ्यांवरची बोली. पण त्या हंगामात सफरचंदाच्या गाळ्यांवर नेहमीचा उत्साह नव्हता. ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीने जम्मू-श्रीनगर महामार्ग जागोजागी खचला होता. ऐन तोडणीत फळांनी भरलेले ट्रक कित्येक दिवस रस्त्यात अडकून पडले. सप्टेंबरात रेल्वेने बडगामहून दिल्लीच्या आदर्श नगरपर्यंत सफरचंदांसाठी पार्सल गाडी सुरू केली, पण तोवर बराच माल ट्रकांतच सडला होता. जो इथवर पोहोचला त्यातही डागी फळ बरंच. वर्षभराची बाग, फवारणी, तोडणी, पेटीचा खर्च, आणि शेवटी फळ रस्त्यात सडावं! तिथल्या बागवानाच्या घरात काय चाललं असेल, हा विचार मनातून जाईना.

गाळेवाल्यांनी आधी लालभडक, एकसारखी फळं पुढे केली. अम्मींनी कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "चाची, वो दागी माल है," ते संकोचून म्हणाले. "दागी है, सडा नहीं है," अम्मींचं उत्तर. अर्ध्या भावात खोकं मिळालं. आत ना पेंढा ना वर्तमानपत्र. अम्मींनी तरीही तळापर्यंत हात घालून पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी चादर पसरून फळं निवडायला घेतली. आपटून तपकिरी झालेला भाग कापून टाकला की बाकीचं फळ चांगलं. पण जिथे बुरशी धरली आहे, फळ आतून पिचपिचीत आहे, ते अख्खं फेकायचं. त्या बुरशीचं विष शिजवल्यानेही पुरतं जात नाही. कुराणात सूरह आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याच्या उधळपट्टीला मनाई आहे. पण उधळपट्टी टाळायची म्हणून घरच्यांना सडकं खाऊ घालणं, हाही शहाणपणा नव्हे.

निवडून, कापून पाच किलो फोडी निघाल्या. बिया काढल्या, साली ठेवल्या, कारण रस घट्ट करणारं पेक्टिन सालीत भरपूर असतं. दोन पेले पाणी घालून, झाकण ठेवून पाऊण तासात फोडी मऊ झाल्या. मग पुरणयंत्रातून गाळलं. साली वर राहिल्या, गुळगुळीत गर खाली. त्यात पाव किलो गूळ, दोन लिंबांचा रस, दीड चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा वेलचीपूड, अर्धा चमचा सुंठ, चार लवंगांची पूड आणि चिमूटभर मीठ.

परदेशी कृतींत पाण्याऐवजी 'सायडर' लिहिलेलं असतं. अमेरिकेत त्याचा अर्थ सहसा न आंबवलेला सफरचंदाचा रस. इंग्लंडमध्ये मात्र तीच मद्यार्क असलेली दारू. बाटली न वाचता घेऊ नये. आपलं साधं पाणी पुरतं. जायफळही त्या कृतींत असतं. त्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आम्ही घातलं नाही. काही कमी पडलं नाही.

त्यानंतर साडेतीन तास मंद आच. पहिला तास कुणीही ढवळावं. गर दाटला की मात्र पिठल्यासारखे चटके देणारे शिंतोडे उडतात. लांब दांड्याचा लाकडी डाव घ्यावा, तळ खरवडत राहावं. मुलं अर्धा-अर्धा तास वाटून घेत उभी राहिली. मोबाइल बाजूला पडले. असरची नमाज आम्ही पाळीपाळीने पढलो. फिका पिवळा गर आधी विटकरी, मग गडद तपकिरी झाला. जिन्यातून शेजारच्या भाभी वास विचारत आल्या आणि त्यांनाही डाव हाती मिळाला. थंड बशीवर चमचाभर घालून पाहिलं. कडेने पाणी सुटलं नाही, म्हणजे तयार. पाच किलोंचे जेमतेम दोन किलो उरले. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरण्यांत गरम असतानाच भरलं. यात साखर मुरब्ब्याइतकी नसते, म्हणून हे बाहेर टिकत नाही. फ्रिजमध्ये तीनेक आठवडे, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीजरमध्ये.

रात्री दस्तरखानावर गरम फुलका आला. त्यावर तूप आणि हे सफरचंद. अम्मींनी स्वतःच्या हाताने घास मोडला. दोन घास झाल्यावर म्हणाल्या, "लवंग जास्त झाली. पुढच्या वेळी दोनच घाला." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या वेळेची गोष्ट त्या स्वतःहून काढत होत्या. अर्धा फुलका संपला, अलहमदुलिल्लाह.

त्यांना थोडी शुगर आहे. आटवलेलं फळ म्हणजे फळाची साखरही एकवटलेली, त्यात गूळ. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी दिवसाला एक चहाचा चमचा सांगितला. तेवढाच देतो. अम्मींची तक्रार असते, पण जेवायला त्या आता वेळेवर येतात.

दोन बरण्या शेजारी गेल्या. तिसरी अम्मींनी मार्केट यार्डातल्या त्या गाळेवाल्यांना पाठवायला लावली. मुलगा परत आला तो निरोप घेऊनच: चाचींसाठी पुढची डागी पेटी बाजूला काढून ठेवतो. अम्मींनी लगेच बजावलं, "त्यांना म्हणावं, वर्तमानपत्र असलेली बघा."