अधूनमधूनचे दुखणे

पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्राचे निदान फारसे कठीण नसते. माणसाची खरी परीक्षा पाहते ते दहादा सुरळीत चालून अकराव्यांदा दगा देणारे यंत्र. गेल्या उन्हाळ्यात आमच्या संगणकाला असेच दुखणे जडले. लिहिता लिहिता पडदा एकाएकी निळा होई. कधी काहीही न सांगता यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होई. आमच्या दिवंगत आत्याने कादोडी बोलीत म्हटलेली लग्नगीते त्यात ध्वनिमुद्रित होती आणि ती कागदावर उतरवण्याचे काम निम्म्यावर आले होते.

घरात येणाऱ्या प्रत्येकाजवळ एकेक संशयित तयार होता. कोणी उकाड्याला दोष दिला, कोणी व्हायरसला. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगून टाकले. आम्ही मात्र प्रथम हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली व गीतांची प्रत करून घेतली. सदोष स्मृती असलेल्या यंत्रावर प्रत काढली, तर चूक गुपचूप प्रतीतही उतरू शकते.

मग तपासणी सुरू झाली. नियम एकच : एका वेळी एकच बदल. पंख्यांवरील धूळ झाडली, दुखणे कायम. मित्राकडून आणलेला एसएमपीएस लावून पाहिला, तरीही कायम. डिस्क निर्दोष ठरली. राहिल्या रॅमच्या दोन पट्ट्या. स्मृतीच्या प्रत्येक घरात ठराविक आकडे लिहून तेच परत वाचून पाहणारा मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला. पहिली फेरी निर्विघ्न पार पडली. पहाटे मात्र पडद्यावर तांबड्या ओळी उमटलेल्या होत्या. पट्ट्या एकेकट्या तपासल्या, स्लॉट बदलून पाहिले. चूक स्लॉटपाशी थांबली नाही, एका पट्टीबरोबर फिरत राहिली. तेव्हाच तिला दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांस मिळाला.

प्रत्येक वेळी पुरावा असा हाती लागतोच असे नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीतच चिकटवून ठेवला. तेथे अपराधी समोर होता. परंतु २००३ साली बेल्जियममधील स्खारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मते जास्तीची आली. तिला मिळू शकतील त्याहून ती अधिक होती, म्हणून चूक उघडकीस आली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. अर्थात स्मृतीतील एकच बिट उलटले असावे. संशय अंतराळातून येणाऱ्या किरणांवर गेला, पण तो सिद्ध झाला नाही आणि तपास तेथेच थांबला.

वाचकहो, संशय घेण्यास क्षणही पुरतो. दोष सिद्ध करण्यास रात्र जागवावी लागते. एका पट्टीपायी संपूर्ण यंत्र भंगारात निघाले असते. घरात वा गावात एखाद्याच्या अधूनमधूनच्या वागण्यावरून अख्खा माणूसच बिघडला असे आपण ठरवतो, तेव्हा इतकी तरी तपासणी करतो काय?

ती पट्टी काढून टाकल्यावर पडदा पुन्हा निळा झाला नाही. स्मृती निम्मी झाल्याने यंत्र थोडे सावकाश चालते, इतकेच. हळद दळण्याच्या गीतापर्यंत आम्ही आता येऊन पोहोचलो आहोत.