पहिली हजेरी

मृगाचा पाऊस आणि नवें शैक्षणिक वर्ष यांचें पूर्वीं एकमेकांशीं सूत असे. हल्लीं दोघेही पंचांग पाळीत नाहींत. प्रवेशाच्या याद्यांवर याद्या लागतात, आणि प्रथम वर्षाचा वर्ग कोणत्या दिवशीं भरणार हें प्राचार्यांनाही आदल्या दिवसापर्यंत सांगतां येत नाहीं. तथापि तो दिवस ठरला कीं त्याच्या आदल्या रात्रीं आम्हांस धड झोंप म्हणून लागत नाहीं. इंग्रजी साहित्य शिकवितां शिकवितां आमचें अर्धें आयुष्य सरलें. तास घेण्याचें भय केव्हांच गेलें. मग ही अस्वस्थता कसली, असें आमच्या घरीं दरसाल विचारण्यांत येतें, आणि दरसाल आम्ही चष्मा पुशीत विषय बदलतों. यंदा मात्र तें कारण सांगून टाकावें म्हणतों.

आमचा स्वतःचा महाविद्यालयांतील पहिला दिवस १९८७ सालचा. तालुक्याच्या गांवाहून आम्ही शहरांत आलों होतों. इंग्रजीचे प्राध्यापक आले, फळ्याकडे तोंड करून पन्नास मिनिटें बोलले, आणि ज्यांस हें समजलें नसेल त्यांनीं दुसरा विषय घ्यावा, अशी इंग्रजींत सूचना करून निघून गेले. ती सूचनासुद्धां आम्हांस शेजाऱ्यानें समजावून सांगितली. एवढें सोसल्यावर माणूस शहाणा व्हावा कीं नाहीं? पण व्यासपीठावर चढतांच आम्हीं नेमकें त्यांचेंच अनुकरण केलें. पहिला तास म्हणजे दराऱ्याचा तास, एकदां वचक बसला कीं वर्ष सुखाचें जातें, हा आमच्या धंद्यांतील वडिलोपार्जित सिद्धांत. अभ्यासक्रम, गुणांची वांटणी, शेंकडा ७५ हजेरीचा नियम, आणि मग पहिली हजेरी.

२००६ सालची गोष्ट. १२० नांवांची यादी आम्ही आडनांव, नांव, बापाचें नांव या क्रमानें वाचीत होतों. 'यस सर', 'प्रेझेंट सर' अशीं उत्तरें येत होतीं. एका नांवाला मागच्या बांकावरून एक मुलगा ताडकन् उभा राहिला आणि हात जोडून खणखणीत आवाजांत म्हणाला, "हजर, गुरुजी!" वर्ग हसला. तेथेंच तें संपावयाचें. तरुण मुलें हसायचींच. पण आम्हांस विनोदाची हुक्की आली. "कोणत्या आश्रमांतून आलांत आपण?" असें आम्हीं अगदीं गंभीर चेहऱ्यानें विचारलें. पहिलें हसणें वर्गाचें होतें, दुसरें आमचें. मुलगाही हसला, खालीं बसला, आणि आम्हीं पुढचें नांव वाचलें. आपण विद्यार्थ्यांशीं किती मोकळेपणानें वागतों, अशी धन्यता मानीत आम्ही त्या दिवशीं घरीं आलों, हेंही कबूल करावयास हवें.

पुढें हजेरी क्रमांकांनीं होऊं लागली. कांहीं महिन्यांनीं तिचा हिशेब झाला तेव्हां हजेरी कमी भरलेल्यांच्या यादींत तो मुलगा होता. त्याच्या क्रमांकाला ओ येई ती निराळ्याच आवाजांत. ही बदली हजेरी आहे हें आमच्या तीक्ष्ण कानांनीं केव्हांच ओळखलें होतें, आणि आम्ही त्याच्या क्रमांकापुढें न चुकतां फुली मारीत होतों. खोलींत बोलावून त्यास खडसावलें. तो खालीं पाहत म्हणाला, "सर, मी रोज येतों. हजेरी तेवढी मित्र देतो." आमचा विश्वास बसेना, तेव्हां त्यानें वही पुढें केली. आमचा एकूणएक तास तींत तारीखवार उतरलेला होता. 'गुरुजी' हा शब्द मात्र त्यानें टाकून दिला होता.

आम्हीं फुल्या पुसल्या, यादींतून नांव काढलें आणि "बरें, जा" म्हटलें. क्षमा मागितली नाहीं. ती ओठांवर आली होती, प्राध्यापकपणानें गिळली. तो तीन वर्षें आमच्या वर्गांत बसला, द्वितीय श्रेणींत उत्तीर्ण होऊन गेला, आणि त्या तीन वर्षांत त्याचा आवाज आम्हीं वर्गांत पुन्हां ऐकला नाहीं.

तेव्हांपासून पहिल्या दिवशीं आम्ही यादी मोठ्यानें वाचीत नाहीं. या यादीचें आणखीही एक पाप आहे. आडनांव आधीं असल्यामुळें एकेक नांव उच्चारलें जातांच चार माना वळतात. कोण कोणत्या जातीचा याचा अंदाज अर्ध्या तासांत साऱ्या वर्गाला येतो, आणि दुसऱ्या दिवशीं बांक त्या हिशेबानें भरूं लागतात. हें आम्हांस दिसण्यास दहा वर्षें लागलीं. ज्यांच्याकडे माना वळत, त्यांस तें पहिल्याच दिवशीं दिसलें असणार.

आतां आम्ही दाराशीं उभे राहतों आणि येईल त्याच्या हातीं कागदाचा एक चतकोर देतों. कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडेल, कोठून व कसें येतां, या विषयांत कशाची धास्ती वाटते, एवढें लिहावयाचें. मराठींत, इंग्रजींत, हिंदींत, वाटेल तसें. ते कागद रात्रीं वाचतांना कळतें कीं, जिला आपण उद्यांपासून बेशिस्त म्हणणार होतों ती मुलगी पहाटे साडेपांचाची एस. टी. धरते आणि ती गाडीच साडेसातांला पोंचते. ७-२० च्या तासाला दार लावून घेण्याची आमची संवय अशा एका चतकोरानें सुटली.

पण नुसतें नांवगांव विचारून, गोड बोलून मुलांना तासाआधींच सोडून देणें हाही एक अपमानच होय. पहिल्या दिवशीं मूल कांहीं आशेनें आलेलें असतें. म्हणून उरलेल्या वेळांत आम्ही फळ्यावर एकच इंग्रजी शब्द लिहितों : 'मॉन्गूस'. याचें अनेकवचन काय, असें विचारतांच इंग्रजी शाळांतून आलेले हुशार लोक 'गूस'चें 'गीस' होतें त्या चालीवर 'मॉन्गीस' म्हणून मोकळे होतात. तें चूक, कारण त्या पक्ष्याशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. हें आपलें मराठी मुंगूस. इंग्रजांनीं तें येथून उचललें आणि त्याचें लेखन आपल्या ओळखीच्या पक्ष्यासारखें करून टाकलें. वर्गांत थोडी खळबळ होते. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, आणि त्याच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधील रिक्की-टिक्की-टावी म्हणजे मुंगूसच, हें सांगून झालें कीं आम्ही विचारतों, मुंगूस प्रत्यक्ष कोणीं पाहिलें आहे? पुढच्या बांकांवर शांतता पसरते. मग मागून कोणी तरी, भीत भीत, मराठींत बोलूं लागतें : बांधाच्या कडेनें तें कसें पळतें, डिवचलें कीं शेंपटीचे केंस कसे फुलतात, वाटेंत दिसलें तर शपथ घालून त्यास तोंड दाखवावयास कसें सांगतात. पांच मिनिटें तो मुलगा वर्गाचा गुरु असतो, आणि त्याच्या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधून फळ्यावर लिहिणारे आम्ही त्याचे कारकून. शेताच्या बांधाला इंग्रजींत काय म्हणावें यावर दरसाल वाद होतो.

आमचे तरुण सहकारी म्हणतात, सत्राचे जेमतेम पंधरा आठवडे. त्यांतला तास मुंगसाला कोठून द्यावा? तक्रार अगदींच खोटी नव्हे. नव्या धोरणानें श्रेयांकांचे हिशेब वाढले आहेत, आणि १२० नांवें लक्षांत ठेवणें पन्नाशीनंतर आम्हांस साधतही नाहीं. दिवाळीपर्यंत आम्ही एकास दुसऱ्याच्याच नांवानें हांक मारीत असतों. २०२० सालीं तर वर्ग पडद्यावर भरला आणि उभें राहावयास दारच नव्हतें. काळ्या चौकोनांना मुंगूस विचारून पाहिलें. कोणी बोललें नाहीं.

शिवाय पहिला दिवस सर्वांचा एकच असतो हें तरी कोठें खरें आहे? गेल्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस, आम्ही एका उताऱ्याच्या ऐन मध्यावर असतांना, एक मुलगी दाराशीं येऊन उभी राहिली. वर्गाचा पहिला दिवस होऊन महिना लोटला होता. तिचा तो आज होता. पुस्तक मिटून आम्हीं तिला चतकोर दिला. तास संपल्यावर तिनें तो टेबलावर आणून ठेवला. नांव, गांव, गाडीची वेळ हें सारें नीटनेटकें लिहून खालीं तिनें आम्हांसच एक प्रश्न केला होता : "सर, बाकीचे सगळे मुंगूस मुंगूस म्हणून हसतात, तें काय आहे?"

दुसऱ्या दिवशीं फळा पुसून आम्हीं तो शब्द पुन्हां लिहिला.