दुरून मोजलेली नाडी

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी एके काळी तार येई ती बहुधा दोनच कारणांनी. एक तर बदलीचा हुकूम, नाहीतर गावाकडचा मृत्यू. शिपाई दारात उभा राहून सही मागू लागला की पाकीट फुटण्यापूर्वीच घरातील बाईमाणसे डोळ्यांना पदर लावीत. आजार किती दिवस चालला, वैद्य कोण होता, शेवटी काय मागितले, हे सारे आठवड्याने पत्रातून कळे. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, आणि मला वाटते, तिच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही.

माझ्या घरी हल्ली दर सोमवारी सकाळी गावाहून तीन आकडे येतात. वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके. आईचे वय एक्क्याऐंशी. ती राहते सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत. मी राहतो बंगळूरच्या बनशंकरीत, दुसऱ्या टप्प्यात, तिसऱ्या मजल्यावर. तिला येथे आणून पाहिले. दोन महिने राहिली. बनशंकरीचे देऊळ तिला आवडले. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात बायका लिंबाच्या सालीच्या वाटीत तेलवात घालून दिवे लावतात, ते पाहून तिने स्वतःही चार दिवे लावले. मूळ बनशंकरी बदामीची, आणि कित्येक देशस्थ घराण्यांची ती कुलदेवता, हे मी तिला सांगितल्यावर ‘म्हणजे परकी नव्हे’ असा निर्वाळाही तिने दिला. पण तिसऱ्या महिन्यात तिने पिशवी भरली. ‘इथे शेजारीण हाक मारत नाही, घंटा वाजवते,’ एवढेच तिचे म्हणणे होते आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा तिच्या दंडाला बांधायचा पट्टा आणि त्याचे लहानसे यंत्र गावी पोहोचले. सोमवारी आशाताई येतात, आईला पाच मिनिटे स्वस्थ बसवतात, पाठीला भिंतीचा आधार देतात, हात छातीच्या उंचीवर येईल असा पाटावर ठेवतात, दोनदा मोजतात आणि आकडे उपकेंद्राच्या वहीत लिहून मलाही पाठवतात. आधी अर्धा तास चहा वर्ज्य. आईला रक्तदाबापेक्षा हा चहाचा उपास अधिक जाचतो. दवाखान्यात डॉक्टरांच्या देखत १४०/९० ही मर्यादा धरतात. घरी मोजलेल्यास १३५/८५. घरचा आकडा अधिक खरा असतो, कारण पांढरा कोट पाहून वाढणारा दाब त्यात नसतो.

दूर असलेल्या रोग्याची नाडी पाहण्याची ही विद्या आपल्याला वाटते तितकी नवी नाही. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाची विद्युत्‌रेषा टिपणारे यंत्र तयार केले, त्याचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो होते. रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. हे धूड रुग्णालयात नेता येईना आणि अत्यवस्थ रोगी प्रयोगशाळेत आणता येईना. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दूरध्वनीच्या तारेतून रुग्णालयातील हृदयाची स्पंदने दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणली. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढील सव्वाशे वर्षांत त्या यंत्राचा आकार कपड्याच्या घडीएवढा झाला, पण प्रश्न तोच राहिला आहे. रोगी एकीकडे, जाणता दुसरीकडे.

आमच्या या कर्नाटकात त्या प्रश्नाचे उत्तर प्रथम आकाशातून शोधले गेले. २००२ च्या सुमारास ‘इस्रो’च्या उपग्रहाने बंगळूरचे नारायण हृदयालय एका बाजूला चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयाशी आणि दुसऱ्या बाजूला म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरच्या विवेकानंद स्मारक रुग्णालयाशी जोडले. सरगूर म्हणजे त्या वेळी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेले रानाकाठचे गाव. जेनुकुरुब, काडुकुरुब अशा वनवासी लोकांची ती भूमी. तेथील माणसाच्या हृदयाची रेषा बंगळूरच्या तज्ज्ञाने पाहावी, हे त्या काळी अद्भुतच होते. आज उपग्रहाचे काम पुष्कळ ठिकाणी खिशातला फोन करतो.

आपल्याकडची गोष्ट याहून जवळची आहे. गोव्यात डिसेंबर २०१८ मध्ये ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला. हृदयाची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून येणाऱ्या झटक्याला डॉक्टर या नावाने ओळखतात. लहान सरकारी रुग्णालयात रोग्याची रेषा काढायची, ती तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवायची, निदान आले की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथल्या तेथे द्यायचे आणि मग रोग्याला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना करायचे, अशी ही साखळी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये हेच काम पहिल्या टप्प्यात बारा जिल्ह्यांत हाती घेतले. त्यांत सिंधुदुर्गही होता. या दोन्ही ठिकाणी रेषा वाचण्याच्या कामी ‘ट्रायकॉग’ नावाची कंपनी होती, आणि ती बंगळूरची! मी गावापासून शेकडो मैल दूर येऊन बसलो, आणि गावच्या माणसाच्या छातीतील कळ माझ्याआधी या शहरात येऊन पोहोचली, हे कळले तेव्हा मला बरे वाटले की चमत्कारिक वाटले, हे नेमके सांगता येणार नाही.

या योजनेतील खरी कसोटी तंत्राची नाही. रेषा काही मिनिटांत वाचून येते. पुढे तिच्यावर विश्वास टाकून इंजेक्शन देणारा हात त्या लहान रुग्णालयातील तरुण डॉक्टराचा असतो. औषध गुठळी विरघळवते तसे क्वचित मेंदूत रक्तस्रावही घडवते. शेजारी वडीलधारा कोणी नाही, बाहेर नातेवाइकांची गर्दी. पूर्वी स्ट्रेप्टोकायनेज तासभर थेंब थेंब द्यावे लागे; टेनेक्टेप्लेज वजनाच्या हिशेबाने एकदाच टोचता येते, म्हणून खेड्यात ते सोयीचे. आम्हां नोकरदारांना सहीची भीती ठाऊक आहे. फायलीवर ‘वरिष्ठांचे मत घ्यावे’ असे लिहून ती पुढे ढकलण्याची कला आपण सारेच जाणतो. येथे फाईल म्हणजे टेबलावर निजलेला माणूस, आणि हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. दुरून येणाऱ्या त्या निदानाने त्या तरुणाच्या सहीला बळ मिळते, हाच मला या योजनेचा मोठा गुण वाटतो. कर्नाटकात तशीच योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. तिला पुनीत राजकुमार यांचे नाव दिले आहे. हा लोकप्रिय नट ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला, आणि त्या दिवशी आमच्या बनशंकरीतील दुकानांची दारे कोणी न सांगता बंद झाली होती.

झटक्याचे झाले. पण आईसारख्या माणसांचा प्रश्न रोजच्या देखरेखीचा आहे, आणि तेथे यंत्राविषयीचा माझा उत्साह जरा सावध होतो. अमेरिकेत हृदय दुर्बल झालेल्या १६५३ रुग्णांनी रोज फोनवर आपले वजन आणि लक्षणे एका यंत्राला सांगायची, असा प्रयोग झाला. २०१० मध्ये त्याचा निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होणेही टळले नाही. उलट जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने खेड्यांतील व महानगरांतील अशा १५७१ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, २०१८ मध्ये, मृत्यू स्पष्टपणे घटल्याचे दिसले. दोन्हीकडे यंत्रे होती. बर्लिनला मात्र आकडे येत त्या खोलीत रात्रंदिवस डॉक्टर आणि परिचारिका जागी असत, आणि वजन वाढलेले दिसताच त्याच दिवशी रोग्याला फोन जाई. आकडा आला आणि पडून राहिला, तर तो आपल्या कचेरीतल्या आवक नोंदवहीसारखा. नोंद पक्की, काम शून्य.

गेल्या आषाढात आईचे आकडे चढू लागले. १३८, मग १४६, मग १५८. मी येथून फोन करी, ती ‘बरी आहे’ म्हणे. माझ्या एका डॉक्टर मित्राने गोळीची मात्रा वाढवावी असे सुचवले आणि आकड्यांवरून पाहता ते रास्तच होते. पण त्या सोमवारी आशाताई मोजणी झाल्यावर लगेच उठल्या नाहीत. पाऊस धो धो पडत होता, म्हणून ओटीवर बसून राहिल्या. बोलता बोलता त्यांनी गोळ्यांचा डबा उघडून पाहिला आणि मला फोन लावला.

‘दादा, गोळी वाढवू नका. आईंनी गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्यात. एक दिवसाआड.’

साकव पाण्याखाली गेला होता. आरोग्य केंद्र नदीपलीकडे. पुढची पाकिटे केव्हा मिळतील याचा भरवसा नाही, म्हणून आईने, आयुष्यभर तांदूळ आणि रॉकेल पुरवले तशा, गोळ्या पुरवल्या होत्या. याची वाच्यता तिने कोणाकडे केली नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. मात्रा दुप्पट झाली असती आणि पाऊस ओसरल्यावर ती नियमाने घेऊ लागली असती, तर एखाद्या पहाटे न्हाणीघरात चक्कर येऊन पडली असती.

या प्रसंगापासून मला गडचिरोलीच्या कामाची आठवण वारंवार होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तेथे श्वास मोजण्यासाठी एक साधे साधन केले आहे. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्याची पाळी आली की न्युमोनिया समजायचा. फार पुढे मोजता न येणाऱ्या सुईणीलाही ते जमे. तेथील ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बालकांचे हे अगदी कोवळ्या वयातील मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा वृत्तांत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. तेथे वीज नव्हती, उपग्रह नव्हता. बाळाजवळ बसलेली बाई होती. आजची यंत्रे त्या बाईच्या हाती द्यावीत असे मला वाटते; तिच्या जागी ठेवू नयेत. आशाताईंना मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. ओटीवर पाऊस थांबेपर्यंत बसून डबा उघडून पाहणे, हे काम कोणत्या रकान्यात लिहायचे, हे लेखा खात्यात तीस वर्षे काढूनही मला सुचलेले नाही.

आईची तक्रार निराळीच आहे. ‘सोमवारी फोन उचलला की तू आधी विचारतोस, किती आला? जेवलीस का, हे तुझी बायको विचारते.’ मी तिला म्हणतो, आकडा पाहिला म्हणजे जेवलीस की नाही ते कळतेच. हे खोटे आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

यंदा मिरगाच्या आधी आशाताईंनी उपकेंद्रात खटपट करून साकवापलीकडच्या सगळ्या घरांसाठी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून ठेवल्या. अकरा घरे आहेत. पट्टा मात्र एकच, आमचा. तो आता सोमवारी आमच्या ओटीवरून निघतो आणि घरोघर फिरून संध्याकाळी परत येतो. मला तीनच आकडे येतात. बाकीचे त्यांच्या वहीत असतात.